आकडा उलटा आला असता तर?

'जनसंपर्क' हा शब्द ऐकला की महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एखाद्या सरकारी खात्यातला किंवा बँकेतला जनसंपर्क अधिकारी उभा राहतो. पत्रकारांना चहा पाजणारा, प्रसिद्धीपत्रक त्यांच्या हातात ठेवणारा आणि दुसऱ्या दिवशी पेपरातली कात्रणे कापून, वहीत चिकटवून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा. साहेब विचारणार, "किती छापून आलं?" आणि हा सांगणार, "इतके कॉलम, इतके सेंटीमीटर." संपले मोजमाप!

आज इथे अमेरिकेत या व्यवसायाचे रूप पार बदलले आहे. कात्रणांच्या वहीची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. कोणत्या बातमीला कुठल्या वयाच्या लोकांनी किती वेळ दिला, कोणत्या शब्दावर ते चिडले, कशावर हसले, याचे आलेख मिनिटामिनिटाला काढले जातात. संख्याशास्त्र आणि संगणक शिकलेली आपली मुलेमुलीही या व्यवसायात दिसू लागली आहेत. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "आम्ही अंदाजावर चालत नाही, डेटावर चालतो."

ऐकायला वाक्य छान आहे, पण अर्धेच आहे. डेटावर चालता हे ठीक, पण चालता कुणीकडे? लोकांचे ऐकायला, की लोकांना हवे तिकडे वळवायला? दोन्हीकडे जाणाऱ्यांच्या हातात प्रश्नावली तीच असते आणि आलेखही तेच. फरक कळायला माझ्या मते एकच साधी कसोटी पुरते. कुठलीही पाहणी समोर आली की विचारावे, "आकडा उलटा आला असता तर तुम्ही काय केले असते?" या एका प्रश्नाच्या प्रकाशात या व्यवसायाचा आद्यग्रंथ आणि त्यानंतरचा शंभर वर्षांचा प्रवास तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पुस्तकातले वचन

एडवर्ड बर्नेज यांचे 'क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन' हे पुस्तक १९२३ साली निघाले. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी जनसंपर्क हा विषय शिकवायला घेतला. जन्म १८९१ साली व्हिएन्नात, बालपणापासून वास्तव्य अमेरिकेत. सिग्मंड फ्रॉइड यांचे ते सख्खे भाचे. बर्नेज यांची आई ही फ्रॉइडची बहीण, आणि फ्रॉइडची पत्नी ही बर्नेज यांच्या वडिलांची बहीण, असे दुहेरी नाते! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारच्या प्रचारसमितीत त्यांनी काम केले होते. लोकांचे मन मोठ्या प्रमाणावर वळवता येते हे तिथे त्यांनी जवळून पाहिले, आणि युद्धात चालते ते शांततेच्या काळातही चालेल, असे त्यांच्या मनाने घेतले.

पुस्तक आज वाचतानाही त्याची ताकद जाणवते. तोवर प्रसिद्धीचा धंदा म्हणजे सर्कसवाल्याची दवंडी होती. बर्नेज म्हणाले, नाही, हा सल्लागाराचा पेशा आहे. वकील जसा खटल्यापूर्वी कायदा वाचतो, तसे जनसंपर्क सल्लागाराने तोंड उघडण्यापूर्वी समाज वाचला पाहिजे. लोक गटागटाने विचार कसा करतात, कुणाच्या शब्दाला मान देतात, जुनी मते का सोडत नाहीत, हे अभ्यासले पाहिजे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुस्तकात आहे. सल्लागाराने अशिलाची बाजू लोकांपुढे मांडावी, तसेच लोकांचे मन अशिलाला समजावून सांगावे, आणि गरज पडली तर अशिलाचे वागणेही बदलायला लावावे. म्हणजे रस्ता दुहेरी हवा.

संशोधनाला जनसंपर्काच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय या पुस्तकाला द्यायलाच हवे. माझा आक्षेप वेगळा आहे. या दुहेरी रस्त्यावरून बर्नेज यांची स्वतःची गाडी कोणत्या दिशेने धावली?

साडेचार हजार डॉक्टर

त्यांचे सर्वात गाजलेले उदाहरण न्याहारीचे आहे. बीच-नट नावाच्या कंपनीला बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, अधिक खपवायचे होते. जुन्या पद्धतीच्या विक्रेत्याने जाहिरात दिली असती: 'आमचे बेकन खा, स्वस्त आहे, चविष्ट आहे.' बर्नेज यांनी वेगळा विचार केला. लोकांच्या खाण्यापिण्यावर कुणाच्या शब्दाचा प्रभाव असतो? डॉक्टरांच्या. मग त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारले, रात्रभर शरीराची शक्ती खर्च होते, तेव्हा सकाळी हलकी न्याहारी बरी की भरपेट? डॉक्टर म्हणाले, भरपेट. त्याच डॉक्टरांनी देशभरातल्या सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रे धाडली. बर्नेज यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे सुमारे ४,५०० जणांनी होकार कळवला. वर्तमानपत्रांत मथळे झळकले, भरपेट न्याहारीच्या बातमीला बेकन आणि अंडी जोडली गेली, आणि बेकनचा खप वाढला.

जनसंपर्काच्या वर्गात हे उदाहरण आजही कौतुकाने सांगितले जाते. आता आपली कसोटी लावू. समजा ४,५०० डॉक्टरांनी लिहिले असते, 'नको, हलकीच न्याहारी बरी', तर? बीच-नटने बेकन विकणे थांबवले असते? मुळीच नाही. पत्रांचा गठ्ठा कपाटात गेला असता आणि दुसरा प्रश्न शोधला गेला असता. शिवाय प्रश्न विचारला होता न्याहारी 'किती' करावी याचा, आणि उत्तर वापरले गेले न्याहारीत 'काय' खावे यासाठी. डॉक्टरांनी खोटे सांगितले नाही. आकडा कुणी बनवला, असेही मी म्हणत नाही. पण संशोधन म्हणून जे लोकांपुढे आले, ते खरे म्हणजे पांढरा कोट घातलेली जाहिरात होती.

दुसरे उदाहरण सिगारेटचे. अमेरिकन टोबॅको कंपनीला बायकांमध्ये सिगारेटचा खप वाढवायचा होता, पण बाईने रस्त्यात सिगारेट ओढणे तेव्हा असभ्य मानले जाई. बर्नेज यांनी ब्रिल या मनोविश्लेषकांचा सल्ला घेतला. ब्रिल यांच्या मते सिगारेट ही बायकांना पुरुषांच्या बरोबरीची, स्वातंत्र्याची मशाल वाटत होती. झाले! ३१ मार्च १९२९ या ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणींनी चारचौघांत सिगारेटी पेटवल्या आणि बातमी देशभर गेली.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या एका मिरवणुकीने अमेरिकन बायका सिगारेट ओढू लागल्या, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात बायकांमधले धूम्रपान १९२९ च्या आधीपासूनच वाढत होते. दंतकथा रुजली याचे एक कारण असे की जनसंपर्क सल्लागार सर्वात आधी जनसंपर्क करतो तो स्वतःचा! पण यातला गंभीर भाग निराळा आहे. बायकांच्या मनात समतेची खरी आस आहे, हे निदान अचूक होते. मात्र ते कळल्यावर समतेसाठी काही करावे असे कुणाला वाटले नाही. त्या आसेला एक सिगारेट चिकटवली, इतकेच. माणसाचे मन जाणून घेणे आणि माणसाचा मान राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

संशोधनाचेच सोंग

बेकनच्या गोष्टीवर हसता येते. पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

१९५३ च्या अखेरीस धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन अमेरिकेत लोकांपर्यंत पोचू लागले, तेव्हा बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला बोलावले. ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत एक पानभर निवेदन छापून आले. सिगारेट ओढणाऱ्यांना उद्देशून केलेले हे 'मनमोकळे निवेदन' होते. लोकांचे आरोग्य आम्ही इतर सर्व गोष्टींच्या वर मानतो, असे आश्वासन त्यात होते. त्याबरोबरच उद्योगाच्या पैशाने चालणाऱ्या एका संशोधन समितीची घोषणाही होती.

बर्नेज यांनी संशोधनाचा आधार घेतला होता. इथे 'संशोधन चालू आहे' हाच प्रचार झाला. प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ आहेत, अजून अभ्यास हवा, असे म्हणत राहायचे आणि लोकांनी ओढत राहायचे. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला आणि धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सरकारी पातळीवर स्पष्ट झाले, तरी संशयाची पेरणी थांबली नाही. अखेर ऑगस्ट २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी कित्येक दशके जनतेची जाणूनबुजून दिशाभूल केली.

आकडा उलटा आला असता तर, हा प्रश्न इथे कल्पनेतला राहत नाही. आकडा खरोखरच उलटा आला होता! कंपन्यांनी धंदा बदलला नाही, आकड्याभोवती धूर केला. ज्यांनी त्या पानभर निवेदनावर विश्वास ठेवला, त्यांच्या घरी त्याची किंमत कोणत्या नाण्यात मोजली गेली असेल, हे सांगायला नको.

न्यायाने हेही सांगायला हवे की बर्नेज स्वतः पुढे, १९६० च्या दशकात, धूम्रपानविरोधी मोहिमेत उतरले. या पेशाला परवाना पद्धत हवी, असाही त्यांचा आग्रह होता. आपले पुस्तक नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या कपाटात होते आणि ज्यूंविरुद्धच्या मोहिमेसाठी ते वापरले जात होते, हे आपल्याला १९३३ मध्ये एका पत्रकाराकडून कळल्याचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ते स्वतः ज्यू होते. हत्यार धारदार करून देणाऱ्याला ते कुणाच्या हाती पडेल याचा विचार टाळता येत नाही.

मोठा आकडा, अपुरा प्रश्न

कुणी म्हणेल, ही लबाडीची उदाहरणे झाली. प्रामाणिक संशोधनाचे काय? तर प्रामाणिकपणाही पुरत नाही. शास्त्र हवे आणि प्रश्नही योग्य हवा. याची दोन उदाहरणे पाहू.

१९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांवर उत्तरे परत आली आणि साप्ताहिकाने जाहीर केले, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, आणि ऐन मंदीत ज्याच्या दारात मोटार, तो काही सर्वसामान्य मतदार नव्हे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे निराळे आणि न घेणारे निराळे. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने फारच छोटा, पण नीट निवडलेला नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला. आज समाजमाध्यमांवर दहा लाख लोकांनी अमुक म्हटले, असे सांगणाऱ्याला हा किस्सा ऐकवावा. जे बोललेच नाहीत, ते त्या दहा लाखांत नाहीत.

दुसरे उदाहरण इथे जुन्या असलेल्या मंडळींना आठवत असेल. कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांना चव चाखायला देऊन २३ एप्रिल १९८५ रोजी नवा कोक आणला आणि जुना बंद केला. चवीच्या चाचणीत नवा कोक जिंकला होता, आकडे खरे होते. पण चाचणीने विचारले होते, 'कोणता जास्त आवडला?' विचारायला हवे होते, 'तुमचा जुना कोक उद्यापासून मिळणार नाही, चालेल?' आईच्या हातची आमटी आणि हॉटेलातली आमटी यांची डोळे बांधून परीक्षा घेतली तर कदाचित हॉटेल जिंकेल. म्हणून कुणी आईची आमटी बंद करत नाही! लोक संतापले, कंपनीकडे रोज शेकड्यांनी फोन येऊ लागले, आणि ११ जुलैला, ७९ दिवसांनी, कंपनीने जुना कोक परत आणल्याची घोषणा केली.

ही गोष्ट फजितीची म्हणून सांगतात. मला ती उलट वाटते. दोन लाख लोकांच्या चाचणीने जे कळले नाही, ते त्या फोनांनी कळवले, आणि कंपनीने आपला निर्णय बदलला. आकडा उलटा आला आणि बदलला तो कंपनीवाला, ग्राहक नाही. बर्नेज यांच्या पुस्तकातला दुहेरी रस्ता प्रत्यक्षात दिसतो तो इथे.

हा फरक जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अभ्यासकांनी १९८४ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात नेमका मांडला. संशोधन करून लोकांना आपल्या बाजूला वळवणे हा एक प्रकार. संशोधन करून दोघांनीही एकमेकांकडे थोडे सरकणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात त्यांनी नाव घातले बर्नेज यांचे. पुस्तकाने जे वचन दिले, ते लेखकाच्या कारकिर्दीने पाळले नाही, हाच त्याचा अर्थ.

सेंटीमीटरकडून संमतीकडे

मोजमापाच्या बाबतीत व्यवसाय सुधारला का? काही प्रमाणात, होय. फार वर्षे हिशोब असा चाले: बातमी जितके सेंटीमीटर छापून आली, तितक्या जागेच्या जाहिरातीचा दर काय, तो गुणून म्हणायचे, 'साहेब, आपला इतक्या लाखांचा फायदा झाला.' बातमीत साहेबांना शिव्या असल्या तरी सेंटीमीटर तेवढेच! जून २०१० मध्ये बार्सिलोना येथे या क्षेत्रातल्या संस्थांनी एकत्र येऊन तत्त्वे ठरवली, त्यात स्पष्ट म्हटले की जाहिरातीच्या दराने केलेला हिशोब म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे. किती छापून आले यापेक्षा लोकांच्या समजुतीत आणि वागण्यात काय फरक पडला ते मोजा, असा आग्रह त्यांनी धरला. ही तत्त्वे २०१५ आणि २०२० मध्ये सुधारलीही गेली.

चांगली गोष्ट आहे. पण लोकांमध्ये किती फरक पडला, एवढेच मोजले तर रस्ता पुन्हा एकेरी होतो. अशिलामध्ये किती फरक पडला, हा रकाना अहवालात क्वचितच दिसतो.

आणि साधने जितकी तीक्ष्ण, तितका हा रकाना महत्त्वाचा. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण बाहेर आले. फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपमधून, ती न भरलेल्या मित्रमैत्रिणींचीही, अशी सुमारे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती राजकीय प्रचारकामासाठी गेल्याचे फेसबुकनेच सांगितले. २०१९ मध्ये फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड झाला. बर्नेज यांनी १९४७ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाचे नाव होते 'द इंजिनिअरिंग ऑफ कन्सेंट', म्हणजे संमती घडवण्याचे तंत्र. सत्तर वर्षांनी तंत्र इतके पुढे गेले की संमतीच गळून पडली! बेकनच्या वेळी निदान डॉक्टरांना पत्र तरी आले होते. इथे ज्याचे मन वाचले गेले, त्याला आपण वाचले जात आहोत याचा पत्ताही नव्हता.

या टीकेवर एक उत्तर नेहमी येते: वकीलही एकाच बाजूने बोलतो, मग जनसंपर्कवाल्यालाच दोष का? उत्तर सोपे आहे. कोर्टात समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतो आणि पुरावा दोघांनाही दाखवावा लागतो. न्याहारीच्या टेबलावर यांतले कुणीच नसते. म्हणून तिथे पुरावा जो आणतो, त्याची जबाबदारी वकिलापेक्षा जास्त, कमी नव्हे.

आपल्या अंगणात

वाचकहो, हे सारे मोठ्या कंपन्यांचे झाले, आपल्या मंडळांना त्याचे काय, असे वाटेल. पण आपणही पाहण्या करतोच की! कार्यक्रम संपला की दारात फॉर्म वाटला जातो: 'कार्यक्रम कसा वाटला? उत्तम, चांगला, बरा.' 'कंटाळवाणा' हा पर्याय बहुधा नसतोच. फॉर्म भरतात ते आलेले लोक, तेही शेवटपर्यंत थांबलेले. तिकीट परवडले नाही म्हणून न आलेला विद्यार्थी, गाडी चालवता येत नाही म्हणून घरी राहिलेल्या आजी, मराठी कळते पण बोलायला लाजणारी पंधरा वर्षांची मुलगी, यांच्या हातात तो फॉर्म पडतच नाही. मग वार्षिक अहवालात छापून येते, बहुसंख्य सभासद समाधानी. लिटररी डायजेस्टचे तरी वेगळे काय झाले होते?

म्हणून पुढच्या खेपेला फॉर्म छापण्याआधी समितीने एवढेच ठरवावे, की कोणते उत्तर आले तर आपण काय बदलू. तिकिटाचा दर? जेवणाची वेळ? नाटकाऐवजी दुसरे काही? काहीच बदलायचे नसेल तर कागद वाचवावा आणि लोकांचा वेळही. आणि बदलायचे असेल, तर जे आले नाहीत त्यांना आधी फोन करावा.

या व्यवसायात शिरणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हेच सांगावेसे वाटते. त्यांचे गणित पक्के आहे, साधने उत्तम आहेत. बर्नेज यांचे पुस्तक त्यांनी जरूर वाचावे. त्यातला लोकांचा अभ्यास घ्यावा आणि दुहेरी रस्त्याचे वचन लेखकापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावे. साहेबांनी पाहणी करायला सांगितली की कामाला लागण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, "आकडा उलटा आला तर आपण काय करणार आहोत?" साहेब थोडे थांबून विचार करू लागले, तर तिथे काम करण्यासारखे आहे. "तो उलटा येणार नाही असे बघ," असे उत्तर आले, तर आपल्याला संशोधक म्हणून नव्हे, पांढरा कोट शिवायला बोलावले आहे, हे ओळखावे.